काम मला येतं, मग बढती त्याला का?

नोकरीतील अडचण घेऊन माझ्याकडे, म्हणजे एका समुपदेशकाकडे, येणाऱ्यांत बँकेतील अधिकारी असतात, रुग्णालयातील सिस्टर असतात, हिंजवडीतील संगणक अभियंते असतात आणि शाळेतील शिक्षकही असतात. परंतु पहिल्या भेटीतील त्यांचे बोलणे ऐकले, तर ही सगळी मंडळी एकाच कचेरीतून आली असावीत असे वाटते. "मॅडम, माझ्याइतकं काम तिथे कोणालाच येत नाही, आणि तरी पुढे जातात ते दुसरेच." त्यानंतर ज्याला बढती मिळाली त्याच्या उणिवांची यादी येते, मग साहेबांच्या पुढेपुढे करणाऱ्यांचा विषय निघतो आणि शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "आता मी आणखी कोणता कोर्स करू?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना कोर्सच्या नावात हवे असते, आणि ते तसे देता येत नाही, म्हणून एका माणसाची हकिगत त्यांच्या परवानगीने येथे सांगत आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. त्यांना आपण अविनाश म्हणू.

अविनाश चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होते. वय चाळिशीच्या अलीकडचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा, नंतर नोकरी सांभाळून मिळवलेली पदवी आणि व्हीएमसी म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकनियंत्रित मशीनवर चौदा वर्षे घालवलेला हात. पहिल्या दिवशी ते येताना प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल घेऊन आले आणि मी न मागता त्यांनी ती माझ्यासमोर उघडून ठेवली. प्रत्येक कागद स्वतंत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात होता. त्यांच्या लाइनचा इनचार्ज म्हणून नुकतीच ज्याची नेमणूक झाली होती, तो आयटीआय झालेला तरुण होता, आणि त्याला टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या मापाची मशीनला द्यायची दुरुस्ती) कसा द्यायचा हे एके काळी अविनाश यांनीच शिकवले होते. अप्रेजलच्या कागदावर त्यांच्याविषयी एक ओळ होती: तांत्रिक ज्ञान उत्तम, इतरांबरोबर काम करण्याच्या वृत्तीत सुधारणा आवश्यक.

"वृत्ती म्हणजे काय हो मॅडम?" ते म्हणाले. "साहेबांना गुड मॉर्निंग घालायचं, वाढदिवसाला केक कापायचा, दात काढत हिंडायचं. हेच ना?"

त्यांचा राग अगदीच निराधार नव्हता. या विषयावर कारखान्यांतून जी प्रशिक्षणे होतात, त्यांत यशाचा ८५ टक्के वाटा वृत्तीचा आणि १५ टक्के ज्ञानाचा असे पडद्यावर हमखास दाखवले जाते, आणि अविनाश यांच्यासारखा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, विचार करणारा माणूस त्यावर हसतो हे योग्यच आहे. हा आकडा पुष्कळदा अमेरिकेतील कार्नेगी प्रतिष्ठानासाठी १९१८ मध्ये चार्ल्स मान यांनी केलेल्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या अहवालाच्या नावावर खपवला जातो. त्या अहवालात अभियंत्यांना यशाला लागणाऱ्या सहा गुणांचा क्रम लावायला सांगितले होते. त्यांनी चारित्र्य, निर्णयबुद्धी, कार्यक्षमता आणि माणसांची जाण हे गुण वर ठेवले; ज्ञान आणि तंत्र त्यांच्यानंतर आले. हे त्या व्यवसायातील अनुभवी माणसांचे मत होते आणि म्हणून मोलाचेही होते, परंतु मताला मोजमाप म्हणून विकले की ऐकणाऱ्याचा मूळ मुद्द्यावरचाच विश्वास उडतो. हे मी अविनाश यांना सांगितले, तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले. आकड्यांच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवत नाही, अशी त्यांची खात्री पटली असावी.

"मग तुम्ही वृत्ती कशाला म्हणता?" त्यांनी विचारले.

मी व्याख्या सांगितली नाही. गेल्या काही महिन्यांत कारखान्यात घडलेला, मनातून जात नसलेला एखादा प्रसंग सांगा, एवढेच म्हणाले. त्यांनी जो प्रसंग सांगितला, तो त्यांच्या मते नव्या इनचार्जच्या नालायकीचा पुरावा होता.

त्यांच्या कारखान्याला गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते. शुक्रवारी सकाळी पहिली शिफ्ट सुरू होते, तेव्हा मशीन रात्रभर आणि दिवसभर थंड पडलेले असते. काम सुरू झाल्यावर स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, हळूहळू तापतो, तापला की लांबीत किंचित वाढतो आणि त्यामुळे बोअरची (भागात कोरलेल्या भोकाची) खोली काही मायक्रॉननी जास्त जाऊ लागते. मशीन आधी काही वेळ रिकामे फिरवून घेतले किंवा ऑफसेटमध्ये वेळेवर दुरुस्ती केली, तर काहीच बिघडत नाही. त्या शुक्रवारी इनचार्जने घाईत पहिला जॉब तपासला, तो मापात होता, आणि लाइन सोडून दिली. खोली कमी भरली असती तर जॉब पुन्हा मशीनवर लावता आला असता. जास्त गेली की कापलेला धातू परत चिकटवता येत नाही. दुपारपर्यंत रिजेक्शनची लाल पेटी भरली.

"तुमच्या हे केव्हा लक्षात आलं?" मी विचारले.

"साडेआठला. डेप्थ गेजचा काटा एकाच बाजूला सरकतोय हे दिसत होतं मला."

"लाइन थांबवायची काही सोय असते का?"

"अँडनचं बटण असतं ना. कोणीही दाबू शकतो. माझ्या हाताशीच होतं."

"मग?"

"मला कोणी विचारलं नाही." हे म्हणताना ते हसले.

त्या हसण्यावर मी थांबले. ज्यांना हे बटण माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, की टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेलेल्या या पद्धतीत दोष दिसताच लाइन थांबवण्याचा अधिकार अगदी साध्या कामगारालाही दिलेला असतो, कारण दोष ज्याच्या डोळ्यांसमोर घडतो त्यालाच तो सर्वांत आधी दिसतो. कारखान्याने यंत्रणा दिली होती आणि अविनाश यांच्याकडे ज्ञान होते. बटण दाबायला कौशल्य लागत नाही. तरीही चार तास ते बटण कोणी दाबले नाही. अप्रेजलच्या कागदावर ज्याला वृत्ती म्हटले होते, ते मला येथे प्रथम स्पष्ट दिसले. परंतु ते मी लगेच बोलून दाखवले असते, तर त्यांनी फाइल उचलून घराची वाट धरली असती, आणि त्यांच्या साहेबांप्रमाणेच मीही त्यांना नापास केले एवढाच त्याचा अर्थ झाला असता.

"ती पेटी भरत होती, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं? जसंच्या तसं सांगा," मी म्हणाले.

बराच वेळ गेला. "‘आता कळेल यांना,’" ते म्हणाले.

"काय कळेल?"

"की मी नसलो की काय होतं."

"मग कळलं का?"

ते पुन्हा गप्प झाले. "नाही. त्यांनी मेंटेनन्सवाल्यांना बोलावलं. मला विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे अनेकांच्या परिचयाची झालेली विवेकनिष्ठ विचारपद्धती हा माझ्या कामाचा पाया आहे, हे लपवण्याचे कारण नाही. घटना माणसाला जितकी अस्वस्थ करते, त्याहून घटनेविषयीची त्याची स्वतःशी चाललेली मागणी त्याला जास्त अस्वस्थ करते, हे या विचाराचे सार. बढती हुकल्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘माझी किंमत मी न सांगता इतरांनी ओळखलीच पाहिजे आणि ओळखली नाही तर त्यांनी त्याची शिक्षा भोगलीच पाहिजे’ अशी मागणी मनात बसली, की माणूस स्वतःच्याच ज्ञानाचा पहारेकरी होतो. अविनाश चार तास पहारा देत उभे होते. या निदानावर मी समाधानी होते, आणि ते बरोबरही होते. फक्त ती मागणी इतकी घट्ट का धरली आहे हे त्यात अजून आले नव्हते.

ते कळले एका छोट्या डायरीमुळे. पुढच्या एका भेटीत बोलता बोलता त्यांनी शर्टाच्या खिशातून तेलाचे डाग पडलेली, रबर लावलेली डायरी काढली. कोणते मशीन सकाळी किती सरकते, कोणत्या इन्सर्टने (कापणाऱ्या पात्याने) किती जॉबनंतर धार सोडली, भाग पकडून ठेवणाऱ्या कोणत्या फिक्स्चरचा क्लँप किती घट्ट केला की भाग वाकतो, हे सगळे बारीक अक्षरांत तारखेनिशी लिहिलेले होते. चौदा वर्षांतल्या अशा बऱ्याच डायऱ्या घरी असल्याचे त्यांनी सांगितले. मी खरोखर थक्क झाले आणि तसे बोललेही. फाइलमधल्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा हा ऐवज मोठा होता.

"ही डायरी तुमच्या लाइनवर आणखी कोणी पाहिली आहे?"

"छे!"

"दाखवली तर काय होईल?"

त्यांनी डायरी मिटली, तिला रबर लावले आणि ती हातातच धरून ठेवली. "मग माझ्याकडे काय उरेल, मॅडम?"

इतक्या बैठकांमध्ये ते काहीही मनापासून विचारत आहेत असे मला प्रथमच वाटले. त्यामागोमाग वडिलांचा विषय निघाला. वडील भोसरीत एका लेथच्या वर्कशॉपमध्ये होते. तेथील मिस्त्री टूल लावताना मुद्दाम पाठ करून उभा राहायचा, जेणेकरून हेल्परला सेटिंग दिसू नये. वडिलांनी वर्षानुवर्षे चोरून पाहत काम शिकले आणि मुलाला एकच उपदेश केला: शिकव, पण हातचे राखून शिकव. ज्या काळात एका माणसाची नोकरी त्याच्या एकट्याच्या हातातल्या करामतीवर टिकत होती, त्या काळात हा उपदेश शहाणपणाचाच होता. आज मापे गेजवरून थेट संगणकात जातात आणि कोणाचेही गुपित काही महिन्यांत आलेखावर दिसू लागते. अविनाश यांनी उपदेश पाळला होता, परंतु त्याबरोबर आणखी एक समीकरण नकळत स्वीकारले होते: मला जे एकट्याला येते तेच मी आहे. असे समीकरण असलेल्या माणसाला सहकारी शिकला तर तोटा वाटतो, सहकारी चुकला तर नफा वाटतो, आणि ‘मला हे माहीत नाही’ असे म्हणणे तर जवळपास अशक्य होऊन बसते. त्यांना आणखी एक कोर्स हवा होता तो यासाठीच. पहाऱ्याला आणखी एक कुलूप.

सल्ला घेणाऱ्याला मी सहसा गोष्टी सांगत नाही, कारण गोष्ट ऐकून लोक पटकन मान डोलावतात आणि घरी जाऊन पूर्वीसारखेच वागतात. तरी त्या दिवशी मी त्यांना २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ येथे झालेला अपघात सांगितला. धुक्याने भरलेल्या धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन नवखा नव्हता. त्या जातीच्या विमानांवर इतर वैमानिकांना प्रशिक्षण देणाऱ्यांचा तो प्रमुख होता. उड्डाणासाठी विमान धावू लागले, तेव्हा पाठीमागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना अशी शंका विचारली. कॅप्टनने ठामपणे ते झाल्याचे सांगितले, आणि विषय तेथेच संपला. अशा अपघातांनंतर विमानकंपन्यांनी वैमानिकांना ऐकण्याचे आणि कनिष्ठांना ठामपणे बोलण्याचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, कारण ज्ञान आणि कौशल्य यांची कमतरता त्या कॉकपिटमध्ये नव्हती.

माझ्या मनात होता तो कॅप्टन. सर्वांत जाणता माणूस इतरांचे ऐकणे बंद करतो तेव्हा काय होते, हे मला दाखवायचे होते. अविनाश यांनी मात्र विचारले, "तो इंजिनिअर परत का नाही बोलला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"समोर एवढा मोठा माणूस. एकदा बोलला, झालं." मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "तो निदान एकदा तरी बोलला. मी एकदाही नाही बोललो."

समुपदेशकाला अशा क्षणी खूप काही सांगावेसे वाटते. मी काही बोलले नाही, आणि इतक्या वर्षांच्या कामातून मला काही साधले असेल तर ते हे न बोलणेच असावे. माणूस स्वतःविषयीचे खरे वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकतो, तेव्हा ते त्याच्या कानांवर पूर्ण पडू द्यावे लागते. थोड्या वेळाने ते म्हणाले की इनचार्ज नालायक असेल किंवा नसेल, त्या शुक्रवारी कंपनीचे नुकसान ज्ञानाच्या अभावाने झाले नाही. ज्ञान तेथेच उभे होते.

येथून पुढचे काम वेगाने झाले असे मात्र नाही. ‘सकारात्मक राहा’ असा सल्ला मी कोणालाच देत नाही, कारण सकाळी सात वाजता शॉप फ्लोअरवर उभे राहून नक्की काय करायचे ते त्यातून कळत नाही. आम्ही ठरवलेल्या गोष्टी साध्या होत्या. रोज शिफ्ट सोपवताना, कोणी विचारले नाही तरी, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगायची, आणि सांगताना तिला ‘मी आधीच म्हणालो होतो’ अशी शेपटी जोडायची नाही. आठवड्यातून एकदा स्वतःला न येणारी एखादी गोष्ट सर्वांसमोर आणि शक्यतो वयाने लहान असलेल्याला विचारायची. ही दुसरी गोष्ट त्यांना फार जड गेली. मापांची नोंद संगणकावर आलेखात कशी चढवायची हे त्यांना नीट येत नव्हते आणि ते एका शिकाऊ मुलीला विचारायच्या कल्पनेने त्यांना घाम फुटला. विचारल्यावर काय झाले? तिने सांगितले, एवढेच झाले. वर दुसऱ्या दिवशी तिने त्यांना इन्सर्टविषयी दोन प्रश्न विचारले, जे विचारायला ती आधी घाबरत होती.

पहिली गोष्ट सुरुवातीला फसली. त्यांनी इनचार्जला सकाळी मशीन गरम करून घेण्याविषयी सांगितले, तर तो म्हणाला, "हे आता सांगताय?" अविनाश संतापून माझ्याकडे आले. "बघितलंत? चांगलं वागायला गेलो तर हे असं!" मी त्यांना विचारले की माहिती खरी होती की नाही, मशीन गरम करणे सुरू झाले की नाही. झाले होते. मग उरले होते ते न मिळालेले धन्यवाद. धन्यवाद मिळावेत अशी इच्छा जरूर ठेवावी, परंतु ते मिळण्यावर आपले बोलणे अवलंबून ठेवले, तर आपल्या वागण्याची चावी आपण त्याच माणसाच्या हातात देतो ज्याच्यावर आपला सर्वांत कमी भरवसा असतो. हे त्यांना पटायला बरेच दिवस लागले. काही महिन्यांनी त्या डायरीतील शुक्रवारच्या नोंदींवरून एक तक्ता तयार झाला आणि तो लॅमिनेट करून मशीनला लावला गेला. त्यावर नाव कोणाचेच नव्हते. मला ते खटकले. त्यांना ते खटकले नाही असे त्यांनी सांगितले, आणि त्यावर मी पूर्ण विश्वास ठेवला नाही.

हे सगळे वाचून काहींच्या मनात येईल की मग ज्ञानाला किंमत नाही काय. अविनाश यांना साडेआठला काटा सरकलेला दिसला नसता, तर त्यांनी कितीही मोकळ्या मनाने काय सांगितले असते? गोड स्वभावाचा परंतु ऑफसेट न समजणारा माणूस लाल पेटी तेवढ्याच वेगाने भरतो. वृत्तीचे महत्त्व अधिक आहे असे मी म्हणते, ते एवढ्याच अर्थाने की आपल्याजवळचे ज्ञान वापरात येईल की खिशात राहील हे ती ठरवते, आणि न येणारी गोष्ट शिकता येईल की लपवावी लागेल हेही तीच ठरवते. कौशल्य महिन्याभराच्या प्रशिक्षणात देता येते. विचारायची लाज वाटणाऱ्या माणसाला ते प्रशिक्षणही नीट घेता येत नाही.

दुसरी एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. ‘वृत्ती चांगली नाही’ हा शेरा काही ठिकाणी हत्यारासारखा वापरला जातो. जादा कामाचे कायद्याने दुप्पट दराने मिळायचे पैसे मागणाऱ्या कामगाराला, सुरक्षेचे गार्ड काढून मशीन चालवायला नकार देणाऱ्या ऑपरेटरला किंवा चुकीच्या बिलावर सही न करणाऱ्या कारकुनाला हा शेरा मिळत असेल, तर दोष त्याच्या वृत्तीत नाही, आणि अशा माणसाने माझ्याकडे येण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्याकडे जावे. फरक ओळखण्यासाठी मी एक प्रश्न विचारायला सांगते: मी जे करतो आहे किंवा करायचे टाळतो आहे, ते ज्याच्याविषयी तक्रार आहे त्या माणसासमोर कारणासह मोठ्याने सांगता येईल का? गार्डशिवाय मशीन चालवणार नाही, हे साहेबांच्या तोंडावर सांगता येते. ‘दोष दिसला होता, पण तुमची जिरावी म्हणून गप्प बसलो,’ हे सांगता येत नाही.

गप्प राहून सहन करा, असाही माझ्या सांगण्याचा अर्थ नाही. आपली अपेक्षा न बोलता इतरांनी ओळखावी हा आग्रह सोडला, की ती बोलून दाखवणे भाग पडते, आणि अनेकांना नेमके तेच कमीपणाचे वाटते. अविनाश यांनी पुढच्या अप्रेजलच्या दोन महिने आधी प्लांट हेडची वेळ मागितली. आम्ही त्या बैठकीची तयारी केली. इतरांच्या उणिवा काढायच्या नाहीत, मला इनचार्जची जबाबदारी हवी आहे हे पहिल्या दोन मिनिटांत सांगायचे आणि त्यासाठी माझ्यात काय कमी दिसते ते विचारून, उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचे नाही, असे ठरले. त्यांच्या म्हणण्यानुसार शेवटची अट पाळताना त्यांनी टेबलाखाली मुठी आवळून धरल्या होत्या.

त्या वर्षी बढती मिळाली नाही. जागाच रिकामी नव्हती. पुढील जागेसाठी काय पाहिले जाईल याच्या पाच बाबी मात्र प्लांट हेडनी त्यांना लिहून दिल्या, आणि त्यांतील दोन निव्वळ तांत्रिक होत्या. तेव्हा अविनाश यांनी माझ्याकडे पहिल्या दिवशी ज्या कोर्सची चौकशी केली होती, त्यात त्यांनी अखेर नाव घातले आहे. संगणकावरच्या आलेखांचा भाग जड जातो, तो ते त्या शिकाऊ मुलीकडून समजावून घेतात.